नोरीनच्या अवकाशप्रवासाला वेंडेलची हरकत

वेंडेल स्टुकीला हॅम हवं होतं, ही गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी. पुढे जे प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं, गावातले लोक त्याच्याशी बोलेनासे झाले आणि सरकारी राजपत्रात त्याच्या संसाराची चर्चा झाली, त्या सगळ्याची सुरुवात आठ पौंडांच्या, मध लावून भाजलेल्या डुकराच्या मांडीपासून, म्हणजे त्या एका हॅमपासून झाली. नाताळाच्या तोंडावर माणसाने हॅमची इच्छा धरली तर त्यात गैर काय, असं तो अजूनही विचारतो. त्यात गैर काहीच नाही.

मोहावीच्या विमानतळावर महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी गावकरी पॅनकेक खायला जमतात. वाळवंटातल्या वाऱ्याने कागदी बशा उडून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकजण एका हाताने बशी दाबून धरतो, दुसऱ्या हाताने खातो आणि खाता खाता इंजिनांविषयी बोलतो. डिसेंबरातल्या त्या शनिवारी विमान क्लबाने सोडत ठेवली होती. पहिलं बक्षीस म्हणजे एकसष्ट नंबरच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तयार होत असलेल्या रॉकेटविमानातली एक जागा. साठ-बासष्ट मैल सरळ वर जायचं, चार मिनिटं तरंगायचं आणि परत यायचं. दुसरं बक्षीस हॅम. वेंडेलने सहा तिकिटं घेतली आणि सहाही तिकिटांवर बायकोचं नाव लिहिलं, कारण एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला स्वतःला सोडतीत साधं पेनही कधी लागलं नव्हतं. नोरीनला मात्र टोस्टर, छत्री आणि एकदा तर जिवंत टर्की लागली होती. तिचं नशीब दुसऱ्या बक्षिसापर्यंत नक्की पोचेल असा त्याचा अंदाज होता. ते थोडं पुढे गेलं.

नोरीन स्टुकी, वय सहासष्ट, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. ती शांतपणे पुढे गेली, पाकीट घेतलं आणि देणाऱ्याला एवढंच विचारलं, "जागा खिडकीजवळची आहे ना?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅम हॉलिस ग्रॅडीला लागलं. हॉलिस हा स्टुकींचा शेजारी, निवृत्त विमान मेकॅनिक, आणि त्याने पुढचा आठवडाभर कुंपणापलीकडून त्या हॅमचं वर्णन केलं.

घरापर्यंत वेंडेलने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. गाडी दारात लागल्यावर म्हणाला, "तू खरंच जाणार?"

"बक्षीस लागलंय."

"ते विमान अजून पुरतं तयार झालेलं नाही."

"मग मलाही घाई नाही," नोरीन म्हणाली आणि उतरली.

वेंडेल गाडीतच बसून राहिला. ही बाई वर गेली आणि परत आली नाही तर, एवढा एकच विचार डोक्यात होता. तो विचार उठून घरात जाऊन तिला सांगायचा, इतकं सोपं काम होतं. पण तो घरात गेला आणि म्हणाला, "या गाडीचं तेल बदलायला झालंय."

आता वेंडेलविषयी थोडं सांगायला हवं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत बांधकाम परवान्यांच्या खिडकीमागे तो एकतीस वर्षं बसला होता. भल्याभल्या ठेकेदारांची त्या खिडकीपुढे बोबडी वळायची. अर्जात एक रकाना रिकामा राहिला तर वेंडेल तो कागद दोन बोटांनी परत सरकवायचा, आणि त्या सरकवण्यात राग, द्वेष असं काही नसायचं. जगात जे काही नीट चालतं ते अर्ज पुरा भरल्यामुळे चालतं, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. मनातली गोष्ट तोंडाने सांगायची सवय अशा माणसाला नसते. अर्जाचा छापील नमुना असेल तर तो भरतो.

आणि नमुना आला. नाताळ आणि नवीन वर्ष यांच्यामधल्या आठवड्यात पेपरात बातमी होती की पैसे घेऊन माणसांना अवकाशात नेणाऱ्या कंपन्यांसाठी सरकारने नियमांचा मसुदा काढला आहे, आणि त्यावर जनतेच्या हरकती व सूचना साठ दिवसांत मागवल्या आहेत. वेंडेलने ती बातमी तीनदा वाचली. मग लायब्ररीत जाऊन सगळा मसुदा छापून आणला आणि पेन्सिल घेऊन बसला. इतर लोक सुट्टीत जिगसॉ कोडी सोडवत होते. वेंडेल कलमं सोडवत होता.

मसुदा तसा समजूतदार होता. प्रवाशाला सगळे धोके लेखी सांगावेत, हे यान सुरक्षित असल्याची ग्वाही सरकारने दिलेली नाही हेही सांगावं, त्याला प्रश्न विचारू द्यावेत आणि मग त्याची सही घ्यावी. वेंडेलने पान उलटलं, पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला. प्रवाशाच्या घरच्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्या काउंटीत माणसाला दारात गाडीसाठी साधी शेड घालायची असली तरी तीनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक शेजाऱ्याला नोटीस जाते. इथे एक बाई साठ मैल वर जाणार, आणि जो माणूस एकेचाळीस वर्षं तिच्यापासून दीड फुटावर झोपतो त्याला नोटीस नाही. त्याला ही सरळसरळ चूक वाटली.

त्याने हरकत लिहिली. भाषा अशी की काउंटी कचेरीतल्या जुन्या माणसांचे डोळे भरून यावेत. प्रवाशाच्या पती अथवा पत्नीला पूर्वसूचना देण्यात यावी, तिची अथवा त्याची लेखी संमती अर्जासोबत जोडण्यात यावी, संमती नसल्यास अर्ज अपूर्ण समजण्यात यावा. ही शेवटची ओळ लिहिताना त्याला फार बरं वाटलं. नोरीनला मात्र त्याने काही सांगितलं नाही. सरकारने नाही म्हटलं की आपल्याला म्हणावं लागणार नाही, असा त्याचा डाव होता, आणि हा डाव आपल्याला शोभत नाही हे त्याला आतून कळत होतं. हरकतीत त्याचा उल्लेख नव्हता.

हस्ताक्षरातली हरकत बरी दिसणार नाही म्हणून तो टाइप करायला हॉलिसकडे गेला. शेजाऱ्याकडे कॉम्प्युटर असणं ही सोय असते, पण त्या कॉम्प्युटरला एक शेजारी जोडलेला असतो.

"विचार चांगला आहे," हॉलिस चष्मा चढवत म्हणाला. "पण फार कोरडं लिहिलंयस रे. सरकारला उदाहरण लागतं."

"उदाहरण कशाला? कलम स्पष्ट आहे."

"माझ्या कोंबड्या बघ. त्या एकसष्ट नंबरवाल्यांनी इंजिन पेटवून बघायला सुरुवात केल्यापासून अकरा कोंबड्यांनी अंडी टाकणं सोडलंय. अकरा. हे कोणी वॉशिंग्टनला कळवलंय का?"

"हॉलिस, ही माझी हरकत आहे."

"अरे, मी कुठे माझी म्हणतोय? कागद तुझाच. एक ओळ फक्त."

ती ओळ नऊ ओळींची झाली. वेंडेल काढून टाक म्हणाला असता, पण हॉलिसने मध्येच उरलेल्या हॅमचं सँडविच पुढे केलं, आणि माणूस शेवटी माणूस असतो. शिवाय काउंटीच्या शिस्तीप्रमाणे त्याने तीन प्रती काढल्या. काउंटीत तीन प्रतींशिवाय काही होत नाही. एक हरवली तर दुसरी आणि दुसरी हरवली तर तिसरी असावी, म्हणून तीन निरनिराळ्या पाकिटांतून, तीन दिवसांच्या अंतराने त्या टाकल्या. असली चूक साधा माणूस करत नाही. तिला एकतीस वर्षांचा अनुभव लागतो.

वॉशिंग्टनमध्ये एकही प्रत हरवली नाही. तिन्ही पोचल्या, तिन्हींना वेगवेगळे क्रमांक पडले, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास, आणि सरकारी वेबसाइटवर तिन्ही झळकल्या. नाव, पत्ता, कोंबड्या, सगळं. मोहावीत अवकाशप्रवासाविरुद्ध जनमत तापत असल्याचं लॉस एंजेलिसच्या एका बातमीदाराने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल नेहमीप्रमाणे डेल्फिना ओचोआच्या कॅफेत गेला. हँगरांमधले कामगार कामावर जाण्याआधी तिथेच खातात. तो आत शिरला आणि बोलणं थांबलं. तो बसला तेव्हा कोणीतरी कोंबडीसारखा हलकेच आवाज काढला. डेल्फिनाने मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि ग्रेव्ही त्याच्यापुढे ठेवली, पण कॉफी भरली नाही, आणि न मागता कप भरणाऱ्या त्या कॅफेत कॉफी न भरणं म्हणजे काय हे तिथे जाणाऱ्यांना माहीत आहे.

"डेल्फिना, कॉफी."

"थांब, आधी नोटीस काढते," ती म्हणाली. "तीनशे फुटांतल्या सगळ्यांची हरकत नसली तर देईन."

मागचे हसले. वेंडेलचे कान लाल झाले.

"हे बघ वेंडेल," डेल्फिना जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली. ती तशी दुष्ट नाही. "या गावात दोनच धंदे. जुनी विमानं मोडायची आणि नवी उडवायची. यांच्या पोटावर माझं दुकान आहे. आणि तू वर सरकार आणून बसवतोस? बायकोशी काही बिनसलं असेल तर ते घरात बोल ना. मी माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघरातच सांगायची सगळं. त्याने ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी."

"बिनसलेलं काही नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आणि कोंबड्या?"

वेंडेलने बिस्किट ग्रेव्हीत बुडवलं.

त्याने घरी येऊन, नोरीन बाहेर गेली आहे हे बघून, वॉशिंग्टनला फोन लावला. पाच वेळा बटणं दाबल्यावर मिस प्रेंटिस नावाच्या बाई लाइनवर आल्या. आवाज थकलेला पण सभ्य होता. वेंडेलला तो आवाज ओळखीचा वाटला. तो स्वतः एकतीस वर्षं तसाच बोलला होता.

"मला माझी हरकत मागे घ्यायची आहे."

"एकदा दाखल झालेली हरकत मागे घेता येत नाही, सर. ती नोंदीचा भाग होते. तुम्हाला त्यावर हरकत घेता येईल."

"माझ्याच हरकतीवर?"

"जनतेतल्या कोणालाही घेता येते, सर."

वेंडेलने मग नवी हरकत पाठवली की मोहावीहून आलेली हरकत कृपया विचारात घेऊ नये. आठवड्याने मिस प्रेंटिसचं पत्र आलं की मोहावीहून तीन हरकती आलेल्या आहेत, त्यांपैकी कोणती विचारात घेऊ नये ते कळवावं. पत्र वाचून त्याने डोकं धरलं. त्यात एकही चूक नव्हती.

आणि मग व्हायचं तेच झालं. नोरीन अवकाशपोशाखाच्या मापासाठी एकसष्ट नंबरच्या हँगरमध्ये गेली होती. तिथे कॅसिडी फ्लोरेस म्हणून बाई आहेत, प्रवाशांच्या तयारीचं सगळं काम त्यांच्याकडे. तिसरीत असताना त्या नोरीनच्या बसने शाळेत जायच्या, आणि चाळिशीला आल्या तरी नोरीनसमोर च्युइंगगम थुंकून टाकतात. त्यांच्या फळ्यावर तिन्ही हरकती ओळीने टाचलेल्या होत्या. नोरीनने तिन्ही वाचल्या, शेवटपर्यंत. मग माप दिलं आणि घरी आली.

रात्रीच्या जेवणाला चिली होती, राजमा घालून केलेला तिखट खिमा. नोरीनने त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि म्हणाली, "कोंबड्यांचं बरोबर आहे."

त्यानंतर ती अठरा दिवस त्याच्याशी बोलली नाही.

म्हणजे तोंडाने बोलली नाही. चौथ्या दिवशी हॉलिस कुंपणाशी येऊन म्हणाला, "वेंडेल, जरा ये. तुझी बायको नोंदीवर आली आहे." कॉम्प्युटरवर हरकत क्रमांक अठ्ठावन्न उघडलेली होती. हॉलिस मोठ्याने वाचू लागला, तसं वेंडेलने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः वाचलं.

"हरकत क्रमांक सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास घेणाऱ्या गृहस्थांना मी ओळखते," नोरीनने लिहिलं होतं. "अठ्ठावीस वर्षं मी चव्वेचाळीस मुलांची बस घेऊन, ताशी साठ मैलांच्या आडव्या वाऱ्यात, रोज दोनदा हायवे ओलांडला. त्यासाठी कधी कोणी माझ्या नवऱ्याची सही मागितली नाही. मला रोज भीती वाटायची. सदर गृहस्थांनी ते मला कधी विचारलं नाही. सरकारनेही विचारलं नाही, पण सरकारशी माझं लग्न झालेलं नाही."

वेंडेल खुर्चीत बसला. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी ती किल्ल्या उचलून "येते" म्हणायची आणि तो पेपरातून मान न काढता "हं" म्हणायचा. भीती वाटत असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. फटकन उत्तर दिलं. हरकत क्रमांक एकसष्ट: "क्रमांक अठ्ठावन्नमधील तपशील मान्य. तथापि तो विषयाला धरून नाही."

हरकत क्रमांक त्रेसष्ट दुसऱ्याच दिवशी आली. तिच्यात एकच वाक्य होतं. "विषय मी आहे."

पुढे हे चालूच राहिलं. संध्याकाळी दोघं एकाच टेबलावर समोरासमोर जेवायचे, मीठ एकमेकांकडे सरकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक हॉलिसकडे आणि एक लायब्ररीत जाऊन अमेरिकेच्या सरकारमार्फत भांडायचे. सगळं गाव वाचत होतं. कॅफेत क्रमांकांवरून चर्चा व्हायची. कोणी म्हणे एकोणसत्तरमध्ये तिने त्याला गारद केलं, कोणी म्हणे बाहत्तरमध्ये त्याने सावरून घेतलं. ओहायोतल्या एका बाईने नोरीनला पाठिंबा दिला. टेक्सासमधल्या तिघा नवऱ्यांनी वेंडेलला दिला, आणि दोन दिवसांनी त्यांतल्या एकाने तो काढून घेतला. आयोवातल्या कुक्कुटपालन संघटनेने हॉलिसच्या मुद्द्याची गंभीर दखल घेतली. हॉलिस त्या दिवशी टाय लावून हिंडला.

फेब्रुवारीच्या शेवटी, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, फोन वाजला. मिस प्रेंटिस होत्या.

"मिस्टर स्टुकी, हा फोन कार्यपद्धतीत बसत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या सगळ्या हरकती वाचल्या आहेत. मिसेस स्टुकींच्याही. तुम्ही दोघं एकाच पत्त्यावर राहता ना?"

"हो."

"आत्ता त्या कुठे आहेत?"

वेंडेलने मान वळवून बघितलं. "स्वयंपाकघरात."

"मग तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ शकाल का, सर?"

वेंडेलने फोनची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "जातो." त्याने फोन ठेवला आणि खरंच गेला. नोरीन सिंकपाशी पाठमोरी उभी होती. त्याने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं, अगदी ओठांवर. "नळ गळतोय का?" त्याने विचारलं. नळ गळत नव्हता. ती वळलीही नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटा लायब्ररीत गेला. हॉलिसच्या नजरेखाली लिहिण्यासारखं ते नव्हतं. एका बोटाने टाइप करत त्याने अडीच तास लावले, आणि झालं ते एवढंच होतं: "माझ्या आधीच्या सर्व हरकती रद्द समजाव्यात. माझ्या पत्नीला जाऊ देऊ नये असं माझं म्हणणं नाही. ती परत आली नाही तर काय करायचं ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. यासाठी रकाना सापडला नाही म्हणून इथे लिहिलं." चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याने बटण दाबलं. मुदत पाचला संपत होती. वीस मिनिटं हातात राखून काम पुरं केल्याचं त्याला समाधान वाटलं.

तेवढ्यात उत्तर आलं. पाच वाजले ते वॉशिंग्टनचे होते, आणि वॉशिंग्टनचं घड्याळ तीन तास पुढे होतं. आपली हरकत मुदतीनंतर दोन तास चाळीस मिनिटांनी मिळाली, शक्य झाल्यास तिचा विचार होईल. वेंडेल पडद्याकडे बघत राहिला. पाच वाजून एक मिनिटाने खिडकी बंद करून त्याने किती लोकांना परत पाठवलं होतं, ते सगळे त्या क्षणी त्याला आठवले, आणि प्रत्येकाचं तोंड स्पष्ट आठवलं.

मुदतीनंतरच्या हरकती वेबसाइटवर लागत नव्हत्या. त्यामुळे नोरीनला काही कळलं नाही. भांडायला जागाच उरली नाही म्हणून म्हणा किंवा वाटाण्यांची डबी तिला उघडेना म्हणून म्हणा, मार्चमध्ये ती पुन्हा बोलू लागली. सगळ्या विषयांवर बोलली, एक सोडून. डेल्फिनाने पुन्हा कॉफी भरायला सुरुवात केली. हँगरमध्ये विमान हळूहळू पुरं होत होतं, आणि त्याची शेपटी बाहेर दिसू लागली तेव्हापासून वेंडेल बाजारात जाताना लांबच्या रस्त्याने जायचा.

डिसेंबरात अंतिम नियम निघाले. सरकारला आलेल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे राजपत्र जाडजूड होतं. नोरीनने ते लायब्ररीतून आणलं आणि नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचू लागली. कोंबड्यांना पाऊण पान मिळालं होतं. मग ती पुढच्या परिच्छेदावर आली.

"एका व्यक्तीने प्रवाशाच्या जोडीदाराची संमती बंधनकारक करावी असे तीन वेळा सुचवले, त्यानंतर ते विचारात घेऊ नये असे कळवले," तिने वाचलं. "प्रवाशाखेरीज अन्य कोणाची संमती घेण्याचा अधिकार खात्याला नाही. मुदतीनंतर आलेल्या एका हरकतीत सदर व्यक्तीने आपल्याला भीती वाटते असे..."

ती थांबली. उरलेलं मनात वाचलं, मग पुन्हा मोठ्याने. "असे कळवले आहे. खाते हे मत अमान्य करत नाही. तथापि नियमात बदल करण्याचे कारण दिसत नाही."

वेंडेल आपल्या बशीतलं अंडं निरखत होता.

"हे तू वॉशिंग्टनला कळवलंस?"

"हो."

"फेब्रुवारीत."

"उशीर झाला होता."

"आणि मला कधी कळवणार होतास?"

"तुझ्यासाठी मुदत ठरलेली नव्हती," वेंडेल म्हणाला. हे बोलून झाल्यावर त्याला ते किती मूर्खपणाचं आहे ते कळलं, आणि मग त्याच्याने राहवलं नाही. "मला भीती वाटते, नोरीन. तू वर गेलीस आणि... मला फार भीती वाटते."

नोरीनने राजपत्र मिटलं. तिने त्याचा हात वगैरे धरला नाही, ते त्यांच्या घरात नव्हतं. तिने त्याच्या कपात कॉफी ओतली.

"मलाही वाटते," ती म्हणाली.

"मग कशाला जातेस?"

"अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या पोरांना नेलं आणि आणलं. पुढे बसून, आरशात बघत. एकदा मला कोणीतरी न्यावं असं वाटतं रे. मी नुसतं बाहेर बघत बसेन." तिने स्वतःसाठीही कॉफी ओतली. "तू नको म्हणालास तर जाणार नाही, असं मी सांगणार नाही. पण सरकारला विचारण्याआधी मला विचारायला हवं होतंस."

"हो," वेंडेल म्हणाला.

जानेवारीत एकसष्ट नंबरमधून बोलावणं आलं. नव्या नियमाप्रमाणे सगळं लेखी सांगून सही घ्यायची होती. नोरीन म्हणाली, "चल." वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला.

कॅसिडीबाईंनी दोघांना एका छोट्या खोलीत बसवलं आणि कागद वाचायला घेतला. आजवर किती माणसं वर गेली, किती परत आली नाहीत, या यानात काय काय बिघडू शकतं, आणि सरकारने त्याच्या सुरक्षिततेची कुठलीही हमी दिलेली नाही. त्या नीट, सावकाश वाचत होत्या. प्रत्येक कलमाला वेंडेलचा चेहरा उतरत गेला आणि नोरीन पाठ ताठ करून ऐकत राहिली.

"काही प्रश्न, मिसेस स्टुकी?"

"नाहीत."

वेंडेलने हात वर केला.

"मिस्टर स्टुकी, नियमाप्रमाणे प्रश्न प्रवाशाने विचारायचे आहेत," कॅसिडीबाई जरा ओशाळून म्हणाल्या.

"कॅसिडी," नोरीन म्हणाली. बसमध्ये म्हणायची त्या आवाजात. "त्याचा प्रश्न तो माझा प्रश्न. लिही." आणि तिने कान वेंडेलकडे केला. तो कुजबुजला. ऐकताना तिची नजर खाली गेली. मग ती म्हणाली, "वर काही बिघडलं, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला ते किती वेळाने कळेल?"

कॅसिडीबाईंनी कागद चाळला. त्यात ते नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवला.

"मिस्टर स्टुकी माझ्या शेजारी उभे असतील," त्या म्हणाल्या. "मला कळेल त्याच क्षणी त्यांना कळेल. एक सेकंदही आधी नाही आणि नंतर नाही. हे मी लिहून देते."

त्यांनी खरंच लिहून दिलं. वेंडेलने ते वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग संमतीपत्र नोरीनपुढे आलं. खाली दोन रेघा होत्या, एक सहीची आणि एक तारखेची. दोन्ही भरल्याशिवाय कागद ग्राह्य नाही असं बारीक अक्षरात छापलेलं होतं, आणि त्या खोलीत ते बारीक अक्षर वाचणारा एकच माणूस होता. नोरीनने सही केली. समोरच्या भिंतीवर हातभर मोठं कॅलेंडर होतं, तिच्या नाकासमोर, आजच्या तारखेभोवती लाल गोल केलेलं. तिने कॅलेंडरकडे बघितलं नाही. पेन तारखेच्या रेघेवर टेकवून तिने मान वळवली आणि वेंडेलकडे बघितलं.

"आज तारीख काय रे?"

वेंडेलने कॅलेंडरकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती थांबली होती. घाई अजिबात करत नव्हती. बाहेर हँगरच्या पत्र्यावर वारा आपटत होता, आणि कॅसिडीबाई दुसरीकडे बघत होत्या.

"सतरा," वेंडेल म्हणाला. "सतरा जानेवारी."